ज्याओझ ते ग्योझा: पारीपासून तव्यापर्यंत

ग्योझा, म्हणजे मैद्याच्या पारीत सारण भरून तव्यावर केलेला जपानी पदार्थ, घरी करायचा म्हटलं की बहुतेकजण सगळं लक्ष सारणावर देतात. मीही तेच केलं होतं. सारण छान जमलं, पण पारी तव्याला चिकटून फाटली आणि उरलेले ग्योझे पिठूळ, चिवट झाले. तेव्हा मी जपानमधल्या हामामात्सु शहरात राहत होते. शेजारच्या आजींनी माझी एक पारी उजेडासमोर धरली आणि म्हणाल्या, "ही पाण्यात उकडायची पारी आहे, तव्यावरची नाही." प्रयोगशाळेतल्या, चीनच्या शांतुंग प्रांतातल्या मैत्रिणीला मी हे सांगितलं, तेव्हा ती लगेच म्हणाली, "मग उकड ना! उकडलेलेच खरे."

या दोन वाक्यांत या पदार्थाचा निम्मा इतिहास आहे. चीनमधला ज्याओझ प्रामुख्याने पाण्यात उकडतात, म्हणून त्याची पारी जाड आणि चामट असते. जपानमधला ग्योझा प्रामुख्याने तव्यावर होतो, म्हणून त्याची पारी पातळ आणि मऊ. आपण कोणता करतोय हे आधी ठरवलं की पीठ कसं मळायचं, सारणात पाणी घालायचं की काढायचं, पारी कशी मुडपायची, हे सगळं त्यावरून ठरत जातं. या लेखात दोन्ही सांगते. जास्त वेळ तव्यावरच्या ग्योझ्याला देणार आहे, कारण चुका तिथेच जास्त होतात.

चीनमधून जपानमध्ये

दोन्ही देशांत हा शब्द त्याच चिन्हांनी लिहितात. चिनी लोक त्याचा उच्चार ज्याओझ करतात, जपानी ग्योझा. जपानी उच्चार शांतुंग भागातल्या बोलीतून आला असावा, असं बरेच जाणकार मानतात. शांतुंगची खूप माणसं पोटापाण्यासाठी ईशान्य चीनमध्ये, म्हणजे मांचुरियात, जाऊन राहिली होती आणि जपान्यांना हा पदार्थ मुख्यतः तिथेच भेटला. त्यामुळे हे पटण्यासारखं आहे.

पदार्थ स्वतः फार जुना. चीनमध्ये त्याचं श्रेय झांग झोंगजिंग या हान राजवटीच्या अखेरीच्या (इ. स. दुसऱ्या-तिसऱ्या शतकातल्या) वैद्याला देतात. कथा अशी की थंडीने लोकांचे कान फुटलेले पाहून त्यांनी मटण आणि औषधी मसाले कानाच्या आकाराच्या पिठाच्या तुकड्यांत गुंडाळून, उकडून, रश्श्यासकट वाटले. ही दंतकथा आहे, पण उत्तर चीनमध्ये हिवाळ्यातल्या सर्वांत लहान दिवशी ज्याओझ खाल्ला नाही तर कान गळून पडतील, असं मुलांना आजही सांगतात. हातात घेता येईल असा पुरावा वायव्य चीनच्या शिनजियांगमधल्या तुरफानजवळच्या आस्ताना दफनभूमीत सापडला. तिथल्या कोरड्या हवेत तांग राजवटीतले (सातवं ते दहावं शतक) ज्याओझ सुकून जसेच्या तसे राहिले आहेत. अर्धचंद्राचा तोच आकार, तीच दाबलेली कड.

जपानमध्ये मात्र हा पदार्थ घरोघरी पोचला तो दुसऱ्या महायुद्धानंतर. १९३२ मध्ये जपानने मांचुरियात आपलं अंकित राज्य उभं केलं आणि लाखो जपानी तिथे जाऊन राहिले. १९४५ च्या पराभवानंतर ही माणसं सगळं गमावून परतली. तांदळाची टंचाई होती, गव्हाचं पीठ त्या मानाने मिळत होतं, आणि त्यांना ज्याओझ करता येत होता. उद्ध्वस्त शहरांतल्या काळ्या बाजारांच्या आसपास ग्योझ्याच्या टपऱ्या उभ्या राहिल्या. उत्सुनोमिया हे शहर ग्योझ्यासाठी प्रसिद्ध झालं, त्यामागेही हेच कारण सांगतात. तिथे तळ असलेली सैन्याची १४वी डिव्हिजन मांचुरियात होती, आणि परतलेल्या सैनिकांनी ती चव सोबत आणली. १९९४ मध्ये त्या शहराने स्टेशनजवळ तिथल्याच ओया दगडात कोरलेला, पारीत गुंडाळलेल्या व्हीनसचा पुतळा बसवला. हा पदार्थ एका आक्रमणाच्या वाटेने आला, हे मला खाताना विसरावंसं वाटत नाही.

चवीतला बदलही याच वाटेत झाला. उत्तर चीनमध्ये ज्याओझ म्हणजे पूर्ण जेवण. पाच-सातांवर कोणी थांबत नाही, वीस-पंचवीस खातात आणि सोबत भात नसतो. लसूण बहुतेक वेळा कच्चा, बाजूला घेऊन खातात. जपानमध्ये ग्योझा भाताबरोबरचं तोंडी लावणं झाला, त्यामुळे तो छोटा, खमंग आणि चवीला तिखटजाळ नसला तरी चढा झाला. लसूण सारणात गेला.

आधी पीठ

तव्यावरच्या ग्योझ्यासाठी पीठ उकळत्या पाण्यात भिजवा. मोदकाची उकड ज्यांनी काढली आहे त्यांना यातली गोम लगेच कळेल. गरम पाण्याने पिठातला स्टार्च फुगतो, जास्त पाणी धरून ठेवतो आणि गव्हातलं ग्लुटेन ढिलं पडतं. त्यामुळे पारी लाटताना मागे आकसत नाही आणि शिजल्यावर मऊ राहते.

साधारण ३० ते ३५ ग्योझ्यांसाठी २४० ग्रॅम मैदा, अर्धा लहान चमचा मीठ आणि १२० ते १३० मिली नुकतंच उकळलेलं पाणी लागतं. मीठ पाण्यात विरघळवा. मैदा परातीत घेऊन पाणी थोडं थोडं ओतत चॉपस्टिकने किंवा काट्याने ढवळा. हात लगेच घालू नका, भाजेल. पीठ भुरभुरीत, गुठळ्यांचं दिसेल आणि पाणी कमी पडलंय असं वाटेल, तरी सगळं एकदम ओतू नका. हाताला सोसेल इतकं झालं की मळायला घ्या. शेवटचे एक-दोन चमचे पाणी मैद्यावर अवलंबून असतं; पावसाळ्यात कमी लागतं. दहा मिनिटं नेटाने मळा. गोळा कानाच्या पाळीइतका मऊ झाला की ओल्या फडक्याखाली अर्धा तास ठेवा. हा अर्धा तास टाळू नका. आधी खडबडीत दिसणारा गोळा झाकून ठेवल्यावर आपोआप तुकतुकीत होतो.

उकडायच्या ज्याओझसाठी ३०० ग्रॅम मैदा आणि १५० मिली साधं गार पाणी घ्या. गार पाण्याने ग्लुटेन घट्ट बांधलं जातं आणि तीच ताकद पारीला उकळत्या पाण्यात फुटण्यापासून वाचवते. हा गोळा पुरीच्या कणकेसारखा घट्ट असतो. मळा, अर्धा तास झाका, पुन्हा दोन मिनिटं मळा, पुन्हा झाका.

पारी लाटणं

गोळ्याची दोन सेंटिमीटर जाडीची वळी करा आणि दहा-अकरा ग्रॅमच्या लाट्या कापा. ज्याओझसाठी लाटी किंचित मोठी. प्रत्येक लाटी तळहाताने चपटी करा. पारी मध्ये जाड आणि कडेला पातळ हवी, कारण कडा दुमडल्यावर तिथे दोन थर होतात. माझी शांतुंगची मैत्रीण डाव्या हाताने लाटी थोडी थोडी फिरवायची आणि उजव्या हाताने बारीक लाटणं फक्त कडेपासून मध्याच्या अलीकडेपर्यंत नेऊन परत आणायची. मध्याला लाटणं लागायचंच नाही. दहाएक फेऱ्यांत पारी तयार. आपलं पुरीचं लहान लाटणं याला उत्तम चालतं, पोळीचं मोठं नको.

ग्योझ्याची पारी ८ ते ९ सेंटिमीटर रुंद आणि एवढी पातळ हवी की पोळपाटाचा रंग खालून जाणवावा. हाताने गोल जमत नसेल तर पीठ पातळ लाटून वाटीने कापा. तेही चालतं, फक्त मग जाडी सगळीकडे सारखी राहते. पाऱ्या एकावर एक ठेवताना मध्ये कॉर्नफ्लॉवर भुरभुरवा आणि ओलसर फडकं पांघरा.

सारण: कुठे पाणी काढायचं, कुठे घालायचं

हामामात्सुच्या ग्योझ्यात साधी कोबी असते, त्यामुळे आपल्या बाजारातली कोबी अगदी योग्य. २०० ग्रॅम कोबी अगदी बारीक चिरून अर्धा लहान चमचा मीठ लावून १५ मिनिटं ठेवा. मग मुठीत धरून घट्ट पिळा. जपानी ग्योझ्यात हे पाणी काढलंच पाहिजे. पातळ पारीतून ते बाहेर येतं आणि तळ कुरकुरीत व्हायच्या आत भिजवून टाकतं.

२०० ग्रॅम खिमा घ्या. जपानमध्ये डुकराचा वापरतात, आणि तो थोडा चरबीचा असतो. गोव्यात डुकराचं मांस सहज मिळतं. आपल्याकडे चिकन घेणार असाल तर मांडीचं घ्या. छातीचा खिमा कोरडा होतो, त्यात एक मोठा चमचा तेल जास्त घालावं लागतं. खिम्यात एक मोठा चमचा सोया सॉस, एक मोठा चमचा भाजक्या तिळाचं तेल, किसलेलं आलं, दोन पाकळ्या लसूण आणि मिरपूड घालून एकाच दिशेने ढवळत राहा. मीठ आणि घुसळणं या दोन्हींमुळे मांसातली प्रथिनं चिकट होतात. खिमा भांड्याला चिकटू लागला की मगच कोबी घाला. आधी घातली तर सारण शिजल्यावर भुसभुशीत राहतं.

तिळाच्या तेलाबद्दल एक गोष्ट. आपल्याकडच्या घाण्यावरच्या कच्च्या तिळाच्या तेलाला हा वास नसतो. भाजक्या तिळाचं तेल नसेल तर तीळ खमंग भाजून, कुटून एक चमचा घाला. जपानी निरा, चिनी ज्योत्साय, ही चपटी, लसणाच्या वासाची पात दोन्ही देशांत सारणात असते. हिवाळ्यात मिळणारी ओल्या लसणाची पात तिच्या सगळ्यांत जवळ जाते. एरवी पातीचा कांदा चालेल.

ज्याओझचं सारण मात्र उलट्या वाटेने जातं. तिथे खिम्यात पाणी घालतात. ३०० ग्रॅम खिम्याला ७० ते ८० मिली पाणी, चमच्या-चमच्याने, प्रत्येक चमचा शोषला गेल्यावर पुढचा. या पाण्यात आलं आणि पातीचा कांदा चुरून ठेवलेला असतो. पारी जाड असल्याने रस आत टिकतो आणि पहिला घास तोडताच तोंडात येतो. ३०० ग्रॅम भाजी चिरल्यावर आधी तेल चोळा आणि मगच मिठाच्या सारणात मिसळा. तेलाचा थर असला की भाजीला पाणी सुटत नाही.

शाकाहारी लोकांना मागे राहावं लागत नाही. अंडं आणि ज्योत्साय हे सारण उत्तर चीनमध्ये रोजचं आहे. अंडं मोकळं भुर्जीसारखं परतून पूर्ण गार करून पातीत मिसळायचं. चिनी नववर्षाला तियानजिनमध्ये शाकाहारी ज्याओझ करण्याची जुनी प्रथा आहे. अंडंही नको असेल तर दाबून पाणी काढलेलं २०० ग्रॅम टोफू, परतलेली अळिंबी, गाजर आणि भिजवलेल्या काचशेवयांचे (पारदर्शक शेवयांचे) तुकडे घ्या. सगळं आधी परतून गार करा. गरम सारण भरलं की पारी आतून ओली होऊन फाटते. कोणतंही सारण भरायच्या आधी अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवलं तर हाताळायला सोपं जातं.

मिटवणं

ग्योझ्याला चुण्या फक्त एका बाजूला असतात. पारी तळहातावर घ्या, मधोमध लहान चमचाभर सारण ठेवा, अर्ध्या कडेला पाण्याचं बोट फिरवा. अर्धी मिटून वरच्या टोकाला दाबा. मग तुमच्या बाजूची कड चिमटीत घेऊन चुणी पाडा आणि ती मागच्या सपाट कडेला दाबा. पाच ते सहा चुण्या पुरे. मोदकाच्या कळ्या पाडता येत असतील तर पाच मिनिटांत जमेल, फरक इतकाच की इथे मागची बाजू सरळ राहते. या एकतर्फी चुण्यांमुळे ग्योझा आपोआप किंचित वाकतो आणि तव्यावर सपाट बुडाने उभा राहतो. करंजीसारखी मुरड घालू नका, कड जाड होऊन कच्ची राहते. मिटवताना आत हवा राहू देऊ नका.

ज्याओझला चुण्यांची गरजच नाही. सारण भरून मिटायचं, कड दोन्ही हातांच्या तर्जनी आणि अंगठ्यांमध्ये धरून एकदाच घट्ट दाबायचं. पोट फुगीर, कड बारीक. ताजी पारी असेल तर पाणीही लावावं लागत नाही. चीनमध्ये नववर्षाच्या आदल्या रात्री सगळं घर बसून असे शेकड्यांनी करतं आणि एखाद्यात नाणं लपवतं. ते ज्याला मिळेल त्याचं वर्ष चांगलं जाणार, असा समज. आकारही जुन्या चांदी-सोन्याच्या लगडीसारखा मानतात.

तव्यावर

झाकण घट्ट बसेल असा सपाट तवा हवा. नॉनस्टिक सोपा पडतो. मुरलेला बिडाचा तवा अधिक चांगला तळ देतो, पण नवखा बिडाचा तवा पारी सोडत नाही.

मध्यम आचेवर एक मोठा चमचा तेल पसरवा आणि ग्योझे सपाट बुडावर, एकमेकांना जेमतेम टेकवून लावा. हामामात्सुत ते गोल रचतात आणि मध्ये उकडलेले मोड आलेले मूग, म्हणजे तिथले मोयाशी, ठेवतात. दोन मिनिटांनी एक उचलून पाहा. बूड फिकट सोनेरी झालं की १२ ग्योझ्यांना ७० ते ८० मिली उकळतं पाणी ओता आणि लगेच झाकण लावा. पाणी गार असलं तर तव्याचा ताप उतरतो आणि पारी पिठूळ होते, माझ्या चुकीमागे हेही एक कारण होतं. मांसाचे पाच ते सहा मिनिटं वाफवा, शाकाहारी तीन-चार.

झाकण काढल्यावर पाणी पूर्ण आटू द्या. तडतड आवाज आधी जोरात, मग बारीक होतो. बारीक झाला की तव्याच्या कडेने एक लहान चमचा तिळाचं तेल सोडा आणि दीड-दोन मिनिटं तळ कुरकुरीत होऊ द्या. या टप्प्यावर ग्योझा हलवू नका. बूड खरंच कुरकुरीत झालं की तो स्वतःहून सुटतो. न सुटणारा ग्योझा अजून तयार नसतो. शेवटी तव्यावर ताटली उपडी धरून सगळं पालथं करा. सोनेरी बाजू वर यायला हवी.

ग्योझ्यांना जोडणारी पातळ, जाळीदार पापडी हवी असेल तर साध्या पाण्याऐवजी १०० मिली पाण्यात दोन लहान चमचे मैदा कालवून तेच ओता. जपानीत तिला पंख म्हणतात. ही पद्धत टोकियोच्या कामाता भागात, चीनमधून परतलेल्या एका जपानी माणसाच्या उपाहारगृहात १९८० च्या दशकात रुजली. मिश्रण ओतण्याच्या क्षणी पुन्हा ढवळा, मैदा तळाशी बसतो. पहिल्या खेपेला पंख नकोत. आधी साधे चार घाणे जमू द्या.

पाण्यात

ज्याओझसाठी मोठं पातेलं आणि भरपूर पाणी लागतं. पाणी खळखळलं की ज्याओझ सोडा आणि झाऱ्याच्या पाठीने तळाशी एकदाच हलकेच ढकला, म्हणजे चिकटणार नाहीत. झाकण ठेवा. उकळी आली की अर्धी वाटी गार पाणी घाला. असं तीनदा करायचं. गार पाण्याने उकळीचा जोर मोडतो, पारी फुटत नाही आणि आतलं मांस शिजायला वेळ मिळतो. सगळे तरंगून फुगले की काढा. उरलेलं पाणी फेकू नका. उत्तर चीनमध्ये जेवण झाल्यावर वाटीभर हेच पाणी पितात, ज्यात अन्न शिजलं तेच पाणी ते पचवतं या श्रद्धेने.

बुडवायला काय

जपानी पद्धतीत दोन भाग सोया सॉस, एक भाग राइस व्हिनेगर आणि थेंबभर रायु, म्हणजे मिरचीचं तेल. रायु घरी करायला तेल चांगलं तापवून, दोन-तीन मिनिटं थांबून, भरडलेल्या ब्याडगी मिरचीवर ओता. फार गरम ओतलं तर मिरची जळून कडू होते. राइस व्हिनेगर नसेल तर पांढऱ्या व्हिनेगरमध्ये तेवढंच पाणी आणि चिमूट साखर. जपानच्या कोबे शहरात मिसोच्या, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या पेस्टच्या, सॉसबरोबर खातात. नुसतं व्हिनेगर आणि भरपूर मिरपूड हेही करून पाहा. सारण चांगलं असेल तर मला आता तेच आवडतं. ज्याओझबरोबर काळं व्हिनेगर आणि कच्चा लसूण.

साठवण

भरलेले ग्योझे बाहेर ठेवू नका. आपल्या हवेत अर्ध्या तासात बूड ताटाला चिकटतं आणि खिमा तर मुळीच राहू नये. मैदा भुरभुरलेल्या ताटात सुटे सुटे लावून फ्रीझरमध्ये ठेवा, दगडासारखे झाले की पिशवीत भरा. महिनाभर राहतात. शिजवताना वितळवू नका. थेट तव्यावर, पाणी थोडं जास्त आणि झाकणाखाली दोन मिनिटं अधिक.

आणि उकडलेले ज्याओझ उरले तर दुसऱ्या दिवशी थोड्या तेलावर मंद आचेवर दोन्ही बाजूंनी तांबूस करा. चिनी घरांत शिळ्या ज्याओझचं हेच होतं. सकाळच्या चहाबरोबर, कालच्या लसणासकट.